मामाच्या वाटेवरची रेघ

दीपनगर,
२५ मार्च १९९०

चि. कौतिक,

अक्काचे आशीर्वाद. सौ. बेबाला आणि वनाला आशीर्वाद. इकडे आम्ही तिघं ठीक आहोत, तिकडेही तसंच असेल असं धरून चालते. सुकदेवची या आठवड्यात वीजकेंद्रात सकाळची पाळी आहे. ऊन आत्ताच इतकं तापलंय की दुपारी कॉलनीच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. तुझ्या केळीच्या बागेला पाणी पुरतंय ना? घड कापायला कधी येतील?

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पाकीट आधी खिशात घातलं असशील आणि बागेत जाऊन फोडलं असशील. घाबरू नको. पत्र कामाचं आहे.

मी इथं बालवाडी चालवते हे कोणीतरी तुला सांगितलंच असेल. लोक विचारतात, सभा गाजवणारी बाई पोरांचे शेंबूड कशाला पुसत बसली? मी सांगते, बाबांनो, सभेत माणसं टाळ्या वाजवतात आणि उठताना धोतराची धूळ झटकावी तसं सगळं झटकून निघून जातात. माझ्या बालवाडीत मी नुसतं म्हणते, "बेडूक विहिरीच्या काठावर आला," की सगळी पोरं श्वास धरून बसतात. असा श्वास माझ्यासाठी कुठल्या सभेनं धरलेला नाही.

तर एप्रिलच्या पंधरा तारखेला, रविवारी सकाळी, आम्ही गाणी-गोष्टींची जत्रा भरवतोय. प्रत्येक पोरानं घरून एक गाणं किंवा एक गोष्ट आणायची. आजीकडून आण, बापाकडून आण, शेजारणीकडून आण, कुठल्याही भाषेतली चालेल. इथं काय नाही? शेजारच्या फेकरी गावची आपल्या बोलीची पोरं आहेत, शिरपूरकडची अहिराणी बोलणारी आहेत, एक तेलुगू मुलगी आहे, ती चांदोबाला हाक मारते तेव्हा शब्द एक कळत नाही आणि अर्थ सगळा कळतो.

विरोध झालाच. विरोध झाला नाही तर मला चुकल्यासारखं वाटतं. कॉलनीतल्या काही बाया म्हणाल्या, इंग्रजी गाणी बसवा, पुढं उपयोगी पडतील. मी म्हटलं, तीही बसवीन, गाण्याशी माझं वैर नाही. पण ज्या पोराला आपल्या बांधावरची खार ठाऊक नाही, ते परदेशातल्या मेंढीशी काय बोलणार?

दुसरा विरोध आमच्याच माणसाचा. चुडामण म्हणून युनियनमधला कार्यकर्ता आहे, मला मानतो, पुस्तकं नेतो आणि परतही आणतो. तो म्हणाला, "वच्छलाताई, तुम्ही गावोगाव अंधश्रद्धेवर बोलता आणि पोरांना राक्षस शिकवता?" मी म्हटलं, चुडामण, राक्षस खोटा आहे हे पाच वर्षांच्या पोराला पक्कं ठाऊक असतं. त्याचा जीव पोपटात असतो, पोपट सात समुद्रांपलीकडे असतो, आणि तरी शेवटी धाकटं पोर तिथं पोचतं. हे ज्यानं लहानपणी ऐकलं त्याला पुढं सावकाराची, साहेबाची, कोणाचीच भीती वाटत नाही, कारण प्रत्येकाचा पोपट कुठंतरी असतोच. आता तोच जत्रेत राक्षस होणार आहे. मिशा आधीच आहेत.

मी पुष्कळ वाचलंय, कौतिक. तुला माहीत आहे, चुलीपुढं वाचता वाचता भाकरी जाळणारी मुलगी मी. देशोदेशीच्या गोष्टी वाचून मला एवढंच कळलं की जिथं माणसं आहेत तिथं कोणीतरी एक घराबाहेर पडतं, वाट चुकतं, आणि त्याच्यासाठी कोणीतरी जागं असतं. बाकी सगळी सजावट.

एक अडचण मात्र राहिली आहे. पालकसभेत बाया म्हणाल्या, दिवसा गोष्टी नकोत. तुला कारण सांगायला नको. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. आपली आईसुद्धा दिवसा कधी सांगायची नाही. त्यातून पुढं आखाजीचा सण आलेला. वर्षभर बायांनी भावाची वाट पाहायची, तो मुऱ्हाळी होऊन न्यायला यायचा, आणि नेमक्या त्याच दिवसांत ही बाई भर उन्हात गोष्टी सांगायला निघाली. रात्री ठेवावी म्हटलं तर बारकी पोरं अर्ध्या गोष्टीत झोपतात. मी अर्धा तास बोलले. विज्ञान सांगितलं, इतिहास सांगितला. बाया पदर ओढून ऐकत बसल्या. शेवटी शिरपूरकडची कमलबाई उठली आणि शांतपणे म्हणाली, "ताई, तुम्हनं बठ्ठं खरं शे. पन मना भाऊ वाट चुकना ते तुम्ही धुंडी देशात का?"

चुकलेला भाऊ शोधून देणं माझ्या भाषणात कुठंच नव्हतं. आमच्या मदतनीस झुंबरबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुमच्या भाषनानं कोनाचा मामा घरी येनार हाये, बाई?" बघू, काहीतरी मार्ग काढीन.

आता काम. आईचं खारीचं गाणं मला जत्रेत घ्यायचंय. पहिलं कडवं आठवतं:

खार चालली सासरी
केयीच्या बागातून,
शेपटीचा झाडू केला
वाट गेली झाडून.

पुढं एक ससाभाऊ होता, तो खारीच्या मागून यायचा. ते कडवं काही केल्या आठवत नाही. तुला आठवत असेल. मी गोष्टी सांगायचे आणि तू हुंकारा द्यायचास, आणि ज्यानं हुंकारा दिला त्याच्याकडेच गोष्ट राहते. तेवढं लिहून पाठव. दुसरं काही लिहायची गरज नाही.

तानू सहा वर्षांची झाली. आईचं नाव ठेवलंय हे तुला कळलं असेलच.

तुझी,
अक्का


दीपनगर,
१८ एप्रिल १९९०

चि. कौतिक,

आशीर्वाद. तुझं कार्ड जत्रेच्या आधीच्या आठवड्यात आलं. वर मायना नाही, खाली नाव नाही, नुसत्या चार ओळी. पोस्टमन म्हणाला, "ताई, पाठवणारा नाव घालायला विसरला वाटतं." मी म्हटलं, नाही, विसरणाऱ्यातला नाही तो.

मांगून आला ससाभाऊ,
पाऊल कुठी दिसे ना,
हाक मार वो खारूताई,
वाट मले गवसे ना.

आईच्या गाण्याचा शेवट असाच होता का रे? माझ्या आठवणीत ससा शेवटी पोचायचा आणि आपण दोघं टाळी द्यायचो. पण तू लिहिलंयस ते खरं मानून मी पोरांना शिकवलं.

जत्रा फार छान झाली. तुला सगळं सांगते, कारण सांगण्यासारखं आहे.

आधी एक गोष्ट, जी मागच्या पत्रात मी लिहिली नाही. दिवसा गोष्ट नको म्हणणाऱ्यांत पहिली कमलबाई नव्हती. पहिली आमची तानू होती. फेब्रुवारीत कधीतरी बालवाडीत कोणा पोरानं तिला ती मामाची समजूत सांगितली. त्या दिवसापासून मी दिवसा गोष्ट सुरू केली की ती कानांत बोटं घालून दाराबाहेर जाऊन बसायची. आधी मला खोडी वाटली. एका संध्याकाळी भांडी लावता लावता तिनं विचारलं, "आई, मामाच्या बागेतून आपल्या प्लँटची धुराडी दिसतात का?"

मी म्हटलं, दिसतात.

"अंधारात बी?"

"अंधारात त्यांच्यावर लाल दिवे लागतात."

"मग तो चुकला कसा?" आणि मग स्वतःच म्हणाली, "तू रोज दिवसा गोष्टी सांगते ना, म्हणून."

कौतिक, मी हजारो माणसांसमोर उभी राहून बोलले आहे. दगड आले तरी माइक सोडलेला नाही. पण त्या पोरीला मी काय सांगणार होते? मामा चुकलेला नाही, मामाला वाट ठाऊक आहे, असं सांगणार होते? तिनं मला दोषी ठरवलं ते मी ठरू दिलं. तेच बरं होतं.

आता रेघेचं सांगते. पालकसभेनंतर सगळं अडून बसलं होतं. एका सकाळी मी बालवाडी उघडली तर तानू फळ्याचा खडू घेऊन उंबऱ्यापासून रस्त्याकडे रेघ ओढत चाललेली. मागं दोन-तीन पोरं. मी विचारलं, हे काय? मान वर न करता म्हणाली, "मामाची वाट. रेघ असली मग चुकत नाही. मग दिवसा बी चालतं." जणू शतकानुशतकांचा कायदा ती वाचून दाखवत होती.

खडू फाटकाच्या आत संपला. मग सुकदेवनं मैदान आखायचा चुना डब्यात आणून दिला. कमलबाई पोराला सोडायला आली, रेघेकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "ही कोठे लोंग जास?" तानू म्हणाली, हमरस्त्यावरच्या गेटापर्यंत, जिथं गाडी थांबते तिथपर्यंत. कमलबाईनं पदर खोचला, डब्यात हात घातला आणि वाकली. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणानं जे झालं नाही ते मूठभर चुन्यानं झालं. दुसऱ्या दिवशी बाया आणि पोरं मिळून रेघ ओढत होती. वळणावर बाण काढले. कोणी मधूनच मोर काढला. गेटापाशी, मामासाठी रेघ सुरू होते तिथं, तानूनं ससा काढला. झुंबरबाईंना तो गाढव वाटला. "कानं पाह्य ना," म्हणून तानू त्यांच्यावर चिडली.

चुडामणला मी म्हटलं, काय, आता ही अंधश्रद्धा पुसायची का? तो राक्षसाच्या मुखवट्याला रंग देत होता. म्हणाला, "असू द्या ताई. रस्ता आखणं काही वाईट नाही." मी त्याच्याशी वाद घातला नाही. ज्या पोरांनी भीती पाहिली आणि तिच्यावर तोडगा म्हणून वाट काढली, त्यांना विज्ञान मी काय शिकवू? विज्ञान याहून वेगळं काय करतं?

रविवारी सकाळी आठला जत्रा सुरू झाली. तू पाहायला हवी होतीस. चिंचेखाली पोरं गोल करून बसली होती. तेलुगू मुलीनं चांदोबा गायला, तिच्या आजीनं मागून मान डोलवत ताल धरला. एका बारक्या मुलानं पाठ केलेलं गाणं विसरून जागच्या जागी नवं रचलं, त्यात बोकड एसटीत बसला आणि कंडक्टरनं त्याला अर्धं तिकीट दिलं. लोक हसून लोळले. एका मुलीनं राजकन्येची गोष्ट सांगितली. राजकन्येला राक्षसानं पळवलं, राजपुत्र निघाला, पण वाटेत त्याला झोप लागली, म्हणून राजकन्या स्वतःच घरी आली. मी तिला विचारलं, तुला ही कोणी सांगितली? म्हणाली, "राजपुत्र रोजच येतो. आज नव्हता." चुडामणचा राक्षस आला तेव्हा पोरं भिण्याऐवजी त्याच्या खिशात पोपट शोधू लागली. त्याचा शर्ट फाटला. इतका आनंदी मी त्याला मोर्चातसुद्धा पाहिला नाही.

मी पोरांची बाई आहे म्हणून सांगत नाही. पण त्या सकाळी मला वाटलं, या देशात अजून काही बिघडलेलं नाही. जिथं आजीचं गाणं नातीच्या तोंडून नवं होऊन बाहेर पडतं, तिथं काही बिघडलेलं नाही. वर्षभर वर्तमानपत्रं वाचून जे मन आंबतं ते एका सकाळीत धुऊन निघालं.

शेवटी खारीचं गाणं होतं. सगळ्या पोरांनी मिळून म्हटलं. "हाक मार वो खारूताई" ही ओळ आली आणि पोरं रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. हे मी बसवलेलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. प्रत्येकानं आपापल्या मामाचं नाव घेऊन हाक मारली. एकच गलका झाला. त्या गलक्यात एक बारीक आवाज माझ्या कानाला बरोबर लागला, "कौतिकमामाऽ." ज्याला तिनं कधी पाहिलं नाही त्याचं नाव, इतकं सरावाचं असल्यासारखं.

आणि खरोखर एक मामा आला. रेघेवरून, पायात वहाणा, खांद्यावर टरबूज, रेघ मोडू नये म्हणून एका बाजूनं जपून चालत. कमलबाईचा भाऊ अभिमन. आखाजीला न्यायला बारा दिवस आधीच निघाला होता. सगळी पोरं त्याच्याकडे धावली. तो गांगरला. "कमल, मन्हाकरता कोनी चुनानी रेघ वढी व? लगीनले बी इतला मान भेटना नही." कमलबाई हसता हसता रडायला लागली आणि मला म्हणाली, "देखा ताई, चुकना नही." मी, अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव फिरणारी बाई, म्हटलं, "नाहीच चुकणार." खोटं काय बोलले?

तानू त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "तुम्ही कोणाचे मामा?"

अभिमननं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या चुन्यानं भरलेल्या हातांकडे पाहिलं. "तुना बी मामाच शे ना, बेटा." टरबुजाची पहिली फोड त्यानं तिला दिली. भला माणूस. तिनं फोड घेतली, थँक्यू म्हटलं, आणि गेटाकडे निघून गेली.

दुपारी सगळे पांगले. मी सतरंज्या गोळा करत होते. तानू दिसेना म्हणून गेटाकडे गेले. ती कडुनिंबाखाली सशाजवळ बसली होती, चुन्याचा रिकामा डबा मांडीवर. भुसावळकडून आलेली गाडी थांबली, चार माणसं उतरली, गेली. मी शेजारी बसले. तिनं डबा उलटा करून आपटला. मग म्हणाली, "रेघ छोटी पडली, आई."

मी म्हटलं, चुना संपला ना.

"मामाच्या बागेपर्यंत पाहिजे होती."

तापीचा पूल मधे आहे, इतकी लांब रेघ कशी ओढणार, असं काहीतरी मी बोलायला लागले. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "सगळ्यांनी हाका मारल्या. तू मारलीच नाही. तुझा पण भाऊ आहे ना?"

हे मी तीन दिवस घेऊन बसले आहे.

आबांनी सांगितलं होतं, या घरातलं कोणी त्या वाटेला जायचं नाही. मी सुकदेवशी लग्न केलं हे त्यांच्यातल्या बापाला सोसलं नाही, आणि ते का सोसलं नाही यावर मी आजही भाषण देऊ शकते, देतेही. त्या लग्नातला एक शब्द मी परत घेणार नाही. पण आबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्या दिवशी मी आपल्या अंगणात उभी होते, कोणी बस म्हणालं नाही, आणि तू गर्दीतून वाट काढत पाण्याचा तांब्या आणून माझ्या हातात दिलास. बोलला नाहीस. मीही बोलले नाही. मला वाटलं, दार ज्यांनी लावलं त्यांनी उघडावं. तुला काय वाटलं ते तुझ्या कार्डावर आहे. मी त्या चार ओळी पोरांकडून घोकून घेतल्या, चाल लावली, आणि त्या मला लिहिल्या आहेत हे कळायला सहा वर्षांच्या पोरीनं कान धरावा लागला.

तू विसरला असशील, मी विसरलेले नाही. बागेतल्या राखणीच्या माळ्यावर बसून मी गोष्ट सांगायचे आणि तू "हूं" म्हणायचास. मी थांबले की तुझं "हूं" मोठं व्हायचं, पुढं सांग म्हणून. मी चुकीचं सांगितलं की "हूं" येतच नसे. लोक विचारतात, ताई, तुम्ही बोलायला कुठं शिकलात? मी मोठमोठ्या पुस्तकांची नावं सांगते. खरं म्हणजे ऐकणारा तुझ्यासारखा मिळाला म्हणून बोलणारी झाले. तसा हुंकारा मला पुन्हा कोणी दिला नाही.

तर आता ऐक. बाईला न्यायला माणूस कशाला यावा लागतो, तिला पाय आहेत, असं मी आखाजीच्या प्रत्येक सभेत सांगते. ते खरंच आहे. एसटीचं तिकीट मला काढता येतं. तरीही लिहिते. कौतिक, मला न्यायला ये. आखाजी सत्तावीसला आहे. सुकदेव येईल म्हणतो, पण त्याला तू तोंडानं ये म्हण. वनाला बरोबर आण. तानूला भाऊ दाखवायचाय.

भुसावळहून वरणगावची गाडी धर आणि दीपनगरच्या गेटाला उतर. कडुनिंबाखाली बघ. गुरं फिरतात, सायकली जातात, रेघ पुसट होते. तानू रोज सकाळी उठून पुन्हा ओढते. सशाला लोक गाढव म्हणतात, तू म्हणू नको.

सापडलं नाही तर तिथूनच हाक मार. आता "हूं" म्हणायची पाळी माझी आहे.

तुला हाक मारणारी,
तुझी अक्का